सख्ख्या भावाचं रक्त

मला माणसं तोंडानं लक्षात राहत नाहीत, हातानं राहतात. बाजारात कोणी "काय ताई, ओळखलं का?" म्हणून समोर उभं राहिलं की मी आधी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला बघते. बाही वर असली तर झटक्यात सांगते, नसली तर हसून वेळ मारून नेते. माझे यजमान म्हणतात, तुझ्यासोबत चारचौघांत जायची सोय नाही, लोकांचे हात काय न्याहाळत बसतेस! आता मी तरी काय करू? भंडाऱ्याकडच्या लाखनीच्या लॅबमध्ये लोकांच्या शिरा शोधता शोधता केस पांढरे व्हायला आले. चेहऱ्यात काय आहे, चेहरा दाढी वाढवली की बदलतो. शीर आपली जागा सोडत नाही.

आमची लॅब हायवेला लागून आहे, टायरच्या दुकानाच्या शेजारी. मोठा ट्रक गेला की रॅकमधल्या नळ्या किणकिणतात. सकाळची रांग उरकली की मी बर्फाचा डबा स्कूटीला अडकवते आणि गावांकडे निघते. ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना येणं होत नाही, त्यांचं रक्त घरी जाऊन घ्यायचं, डब्यात ठेवायचं आणि ऊन चढायच्या आत परत आणायचं. सानगडी, कधी त्याच्याही पुढे दिघोरी. गावात शिरले की पोरं बोंब ठोकतात, "रक्तवाली आली रे, रक्तवाली!" आणि अर्धी घरात पळतात. पहिल्या पहिल्यांदा फार राग यायचा. मी काय डाकीण आहे? आता मीच लांबून हॉर्न वाजवते.

रक्त काढताना आमच्याकडच्या बायका नळीकडे असं बघतात, जसं काही मी त्यांच्या घरची तुपाची बरणी उचलून चालले आहे. "माय वो, येवढं? चार दिवसाचं खाल्लेलं गेलं की माझं!" मी म्हणते, "बाई, दोन चमचे आहे. तुमच्या खाटेतले ढेकूण याच्याहून जास्त पितात." त्यावर आमच्या घरी ढेकूण नाहीत म्हणून भांडण सुरू होतं आणि त्या भांडणात सुई कधी गेली आणि कधी निघाली ते त्यांना कळतही नाही. ही माझी पद्धत आहे. कोणी शिकवली नाही, तोंडाळ स्वभावानं आपोआप आली.

रक्ताचं तरी बरं, ते मी स्वतः काढते. बाकीचे नमुने लोकांनी स्वतः आणायचे असतात आणि तिथं सगळी मजा असते. दिघोरीच्या एका आजोबांना शौचाच्या तपासणीसाठी अंगठ्याएवढी डबी दिली होती. दुसऱ्या दिवशी आले ते तीन कप्प्यांचा जेवणाचा डबा फडक्यात बांधून. डबी तशीच कोरी खिशात. म्हणे, "येवढ्याशा डबीत काय कळन मॅडम तुम्हाले? म्हटलं, कमी नको पडाले." मी डबा उघडला नाही, पण ओरडले मात्र असं की टायरवाला धावत आला. आजोबा शांतपणे म्हणाले, "डबा वापस पाहिजे मले. सुनेचा हाये."

आणि थुंकीचा नमुना! आमच्याकडे खर्रा खाल्ल्याशिवाय माणसाचा दिवस उजाडत नाही. तंबाखू, सुपारी, चुना प्लास्टिकच्या कागदात घोटायचा आणि गालात धरून ठेवायचा. एकदा एक गृहस्थ नमुन्याची डबी घेऊन आले, आत सगळं लालसर तपकिरी. बायको दारातच रडायला लागली, की यांना रक्त पडते, आता कसं होणार. मी त्यांना म्हटलं, "आ करा." तर गालात हा एवढा गोळा! "अहो, खर्रा तोंडात धरून कोणी नमुना देते का?" तर म्हणतात कसे, "मॅडम, खर्ऱ्याबगर थुंकीच येत नाही, तर मी का करू?" बायकोचं रडणं जागच्या जागी थांबलं आणि मग तिनं जे त्यांना झापलं, ते मी सुद्धा बाजूला उभी राहून ऐकलं. माझ्याहून सरस होती.

तर असे आमचे लोक. त्यांच्यावर रागावल्याशिवाय माझा दिवस जात नाही आणि त्यांच्यावाचून मला करमतही नाही. पण दिघोरीच्या त्या पोरीचं जे झालं, तेवढं मी त्यांच्यावर कधी रागावले नसेन.

ही पोरगी गावातल्या ऑनलाइन सेवेच्या दुकानात कॉम्प्युटर चालवायची. सातबारा काढ, दाखल्याचे अर्ज भर, असलं काम. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण डोळे हसरे. धान कापणीला आले होते त्या दिवसांत एका दुपारी ती लॅबमध्ये आली आणि एका माणसाचं नाव सांगून म्हणाली, "ताई, हे उद्या येतील. ह्यायचं सिकल तपासाचं आहे. रिपोर्ट माझ्याच हातात द्या, त्यायनं हो म्हटलं आहे."

मी विचारलं, "कोण आहेत तुझे?"

"अजून कोणी नाही. रिपोर्ट आल्यावर ठरन."

सिकलसेल म्हणजे काय ते आमच्या भागात कोणाला फारसं सांगावं लागत नाही. रक्ताचा आजार, मायबापाकडून लेकरात येणारा. एकाकडून आला तर लेकरू नुसतं वाहक होतं, म्हणजे दोष अंगात असतो पण माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो. दोघांकडून आला तर मात्र आजार. अंग दुखतं ते असं, की लेकरू रात्र रात्र किंचाळतं. म्हणून दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न करू नये, असं शाळेच्या शिबिरापासून सांगतात. ही पोरगी स्वतः वाहक होती, तिला शाळेतच कळलं होतं. आणि तिच्या मोठ्या बहिणीच्या पोराला आजार होता. थंडी पडली की त्याचे गुडघे सुजायचे आणि त्याला उचलून भंडाऱ्याच्या दवाखान्यात हीच न्यायची, कारण बहिणीला त्याचं रडणं ऐकवत नसे.

"मी एकदा पाहिलं आहे, ताई," ती म्हणाली. "माझ्या पोटच्या लेकराचं मले नाही पाहाचं. मुलगा लाख चांगला असन."

"आहे का लाख चांगला?" मी चिडवलं.

तिनं ओढणी सारखी केली आणि कॉम्प्युटरसमोर बसल्यासारखं गंभीर तोंड करून म्हणाली, "बरा आहे." पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो आला. सानगडीचा, घरी धानाची शेती. उंचपुरा, खांदे भरलेले, बोलायला तर इतका मोकळा की रांगेतल्या चार माणसांना त्यानं हसवून ठेवलं. मी नाव विचारलं, त्यानं सांगितलं, मी नळीवर लिहिलं. हात पुढे केला तर कोपराच्या खाली महादेवाचा त्रिशूळ गोंदलेला आणि त्या त्रिशुळाच्या बरोबर मधून दोरखंडासारखी शीर वर आलेली. अशी शीर सापडली की आमचा दिवस सोन्याचा. डोळे मिटून सुई घातली तरी लागेल. मी मनात म्हटलं, पोरगी नशिबाची आहे.

कशाचं काय! लॅबमध्येच आधी एक साधी तपासणी करतात. औषधाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकून नळी हलवायची आणि काळ्या रेघा ओढलेल्या कागदासमोर धरायची. रेघा आरपार दिसल्या तर रक्त साफ. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल आहे. त्याची नळी मी कागदासमोर धरली तर एक रेघ दिसेना. नागपूरला मशीनवर पाठवलं. तिथूनही तेच आलं. वाहक.

ती रिपोर्ट घ्यायला आली. पाकीट उघडून तिनं स्वतः वाचलं, खालची ओळ पुन्हा वाचली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

"बस, चहा मागवते," मी म्हटलं.

"नको. बस चुकन माझी." दारापर्यंत गेली आणि वळली. "मशीन चुकते का, ताई?"

"नाही गं."

"मंग ठीक आहे." पुन्हा पाऊल उचललं आणि पाठमोरीच म्हणाली, "आवडला होता मले."

आणि गेली. रडली नाही, काही नाही. मलाच त्या दिवशी जेवण गेलं नाही. घरी येऊन मी यजमानांवर विनाकारण खेकसले, देवावर खेकसले, भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मिठावरही खेकसले.

नंतर बरेच दिवस गेले. दिवाळी झाली, गावोगावी मंडई भरायला लागली. मंडई म्हणजे आमच्याकडचा पाहुण्यारावळ्यांचा सण. बाजार भरतो, नाटकाचे मंडप पडतात, लेकीजावई येतात आणि त्या गर्दीतच नव्या सोयरिकी जुळतात. तेव्हाच एका सकाळी सानगडीहून फोन आला, घरचे वडील पाय मुरगळून पडून आहेत, त्यांची साखर तपासायची आहे, घरी या.

तलावाच्या पाळीखालचं घर होतं. अंगणात धानाचा ढीग, कोंबड्या त्याच्यावर आणि एक कुत्रं कोंबड्यांवर लक्ष ठेवून. वडील ओसरीत खाटेवर पडलेले. मी त्यांच्या दंडाला रबरी पट्टा बांधला आणि शीर चाचपडते आहे, तेवढ्यात खळ्याकडून एक माणूस बाह्या सावरत आला आणि त्यानं वडिलांच्या पाठीला उशी लावायला हात पुढे केला.

त्रिशूळ! आणि त्याच्या मधून ती शीर.

"काय नवरदेव," मी म्हटलं, "तब्येत बरी ना?" मनातून मला त्याचं वाईटच वाटत होतं.

तो हसला. "मी कायचा नवरदेव, मॅडम!"

तोच आतून एक बाई कडेवर पोरगी घेऊन आली आणि त्यालाच म्हणाली, "अवो, मॅडमले चहा साखरेचा करू का बिनसाखरेचा, विचारा ना."

मी त्याच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "ह्या कोण?"

"हे? माही बायको."

"आणि पोरगी?"

"माहीच हाये."

झालं! माझं डोकं असं फिरलं, की काही विचारू नका. मी उभी राहिले आणि जे तोंड सोडलं! "लाज वाटते का? घरात लक्ष्मीसारखी बायको, कडेवर लेक, आणि तिकडे दिघोरीच्या पोरीला लग्नाची आशा लावून ठेवता? ती बिचारी रिपोर्टची वाट बघत होती, तिचा जीव टांगणीला, आणि तुम्ही इथं धान वाळवता? कोणत्या तोंडानं आलात माझ्या लॅबमध्ये? बरं झालं सिकल निघालं, सुटली ती!" बायकोच्या हातातली चहाची गाळणी खाली पडली. शेजारची दोन माणसं कुंपणावरून डोकावायला लागली.

खाटेवरून वडिलांचा बारीक आवाज आला. "मॅडम, माह्या हाताचा पट्टा सोडा पहिले, मंग भांडा. बोटं काळी पडून राहिली."

मी पट्टा सोडला. त्या गडबडीत बायकोला बोलायला फट मिळाली. "अवो मॅडम, दिघोरीची पोरगी तर आमच्या लहान्या देवरासाठी पाहिली होती. ह्यांच्यासाठी नाही! ह्यांचं तर माह्याशी झालं हाये ना!"

"मग रक्त कोणी दिलं?"

"मी दिलं," तो म्हणाला.

"कायले?" मी पण त्यांच्याच बोलीत ओरडले.

"तो सुईले लय भेते, मॅडम. शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोडी हाकते तो, बैल उधळला तरी सोडत नाही. पण सुई पाहिली की त्याले घेरी येते. लहानपणी शाळेत लस टोचाची होती तर दोन रोज धानाच्या तणसाच्या ढिगात लपून होता. म्हटलं, कायले त्याले तरास द्या? मीच देऊन येतो, त्याचंच नाव सांगून."

"अहो, पण तपासणी त्याची होती ना!"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मॅडम शिकल्या आहेत पण यांना साधी गोष्ट समजत नाही. "रक्त तर एकच हाये ना, मॅडम. एका मायचे, एका बापाचे. सख्खे भाऊ आहो आम्ही. चुलत असतो तर गोष्ट वेगळी."

खरं सांगते, हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. वडील मान हलवत होते, बरोबर आहे म्हणून. बायको मान हलवत होती. कुंपणावरची माणसं मान हलवत होती. कोणालाच यात काही वावगं दिसत नव्हतं. त्यांच्या हिशेबानं मोठ्या भावाच्या रक्तात सिकल निघालं म्हणजे धाकट्याच्याही आहेच, म्हणून घरानं मुकाट्यानं सोयरीक सोडली होती आणि तो धाकटा गेले कित्येक दिवस धड जेवत नव्हता.

"तुमच्या बापाला साखर आहे?" मी विचारलं.

"हाये."

"तुम्हाला आहे?"

"नाही बा."

"काहून नाही? रक्त तर एकच आहे ना?"

त्याच्या डोक्यात काहीतरी फिरतंय हे तोंडावर दिसत होतं. मग तो अंगणातच उकिडवा बसला. "म्हणजे मॅडम, लहान्याचं वेगळं असू शकते?"

"असू शकते, नसूही शकते. त्याचं घेतल्याशिवाय मी कसं सांगू?"

एवढ्यात मला त्याच्या बायकोच्या कडेवरच्या पोरीची काळजी लागली, कारण वाहक तर हाच होता. त्याच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, पोटुशी होती तेव्हाच सरकारी दवाखान्यात तपासलं होतं आणि तिच्या रक्तात काही निघालं नव्हतं. म्हणजे पोरीला आजाराची भीती नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. मग मी त्याला म्हटलं, "आता लावा फोन दिघोरीला. मी नाही सांगणार. तुम्ही केलं, तुम्हीच निस्तरा."

त्यानं स्पीकरवर लावला. घसा खाकरून म्हणाला, "बाई, मी त्याचा मोठा भाऊ बोलून राहिलो. ते रक्त तपासलं ना, ते माहं होतं."

तिकडून अगदी हळू, "कोणाचं?"

"माहं. म्हटलं, एकच हाये."

मला वाटलं, आता फोन ठेवते ती. मग एकदम फुटली ती. "तुम्ही सगळे मिळून खेळ लावला का हो माझ्या जिवाचा? मी किती रोज झोपली नाही, माहीत हाये का तुम्हाले?" तो बापडा हो ना करत राहिला. ती थोडी शांत झाली आणि म्हणाली, "उद्याच त्यायले लाखनीले आणा. माझ्यासमोर रक्त घ्याचं. कोणाचा हात हाये ते मी पाहीन. मंडईले दुसरे पाहुणे येऊन राहिले मले पाहाले, त्याच्या आधी मले कळलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी लॅबचं शटर उघडायच्या आधीच ती पायरीवर बसलेली होती. मागून मोटारसायकलवर दोघं भाऊ आले. मोठा चालवत होता आणि धाकटा मागे त्याला घट्ट धरून, जसा काही त्याला फाशी द्यायलाच नेतात. बारीक, सावळा, कुरळ्या केसांचा. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होईना आणि माझ्या ट्रेकडे तर अजिबात नाही.

मी त्याला आतल्या बाकावरच आडवा केला. बसवून घेतलं असतं तर डोकं फोडून घेतलं असतं त्यानं. सुईचं पाकीट फाडल्याचा आवाज आला आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"डोळे मिट," ती म्हणाली. "मी आहो ना इथं."

"तू आहे म्हणूनच तर," तो पुटपुटला. "तुह्यासमोर घेरी आली तर का म्हणशीन?"

"म्हणीन, बैलवाला घेरी येऊन पडला. आता मिट."

त्यानं डोळे मिटले. मी सुई घातली, नळी भरली, सुई काढली. आणि तेव्हा कुठे, सगळं झाल्यावर, त्याला घेरी आली! मी त्याचे पाय उशीवर उचलून ठेवले, तोंडावर पाणी मारलं. थोड्या वेळात पापण्या हलल्या. "पडून राहा, डोळे उघडू नकोस," मी दम दिला आणि नळी घेऊन बाहेरच्या टेबलाशी आले. ती माझ्या मागे. मोठा भाऊ भिंतीशी उभा, हाताची घडी घालून.

मी औषधाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकला, नळी हलवली आणि स्टँडला लावली. काही मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्या वेळात हायवेवरून कितीतरी ट्रक गेले असतील, पण मला एकही ऐकू आला नाही. पोरगी नळीकडे बघत होती आणि मी पोरीकडे. मी देवाला मनात दम देत होते, की बघ हं, पुन्हा तेच केलंस तर माझ्याशी गाठ आहे.

मग मी कागद तिच्या हातात दिला. "तूच धर. नळीच्या मागे धर."

तिनं धरला. वाकून नळीतून आरपार बघायला लागली.

"काय दिसते?" मी विचारलं.

"रेघा," ती म्हणाली. "रेघा दिसून राहिल्या, ताई. सगळ्याच्या सगळ्या."

आणि ती स्टुलावर बसली आणि असं गळा काढून रडली की बस. पहिला रिपोर्ट हातात घेऊन जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती ही! मीही रडले. खोटं कशाला बोलू, नाक पुसायला कापसाचा अख्खा बोळा लागला. नागपूरचा पक्का रिपोर्ट आल्याशिवाय कोणी पेढा आणाल तर खबरदार, असं मी रडता रडताच बजावलं. आणि हे आत्ताच सांगून टाकते, नागपूरचं मशीनही नंतर तेच बोललं.

पण भिंतीशी उभा होता तो मोठा भाऊ हसत नव्हता. मी म्हटलं, "काय हो, भावाचं लग्न जुळलं आणि तुम्ही असे काहून?"

"खुशी हाये मॅडम, लय खुशी हाये," तो म्हणाला. मग खाली फरशीकडे बघत, "पण मंग ते गढूळ पाणी, ते माहं एकट्याचंच होतं."

"अहो, वाहक म्हणजे आजार नाही. तुम्हाला काही होणार नाही."

"होण्याचं नाही म्हणून राहिलो मी. आम्ही एका ताटात जेवलो, मॅडम. माय म्हणे, दोघायच्या अंगात एकच रक्त वाहाते. मी तसाच जगलो. आता मशीन म्हणते, नाही. घरात मीच एक वेगळा निघालो."

तुमच्या मायबापापैकीच कोणाकडून तरी आलं असेल, असं काहीतरी मी सुरू केलं, पण तो ऐकत नव्हता. त्रिशूळ गोंदलेल्या हातावर दुसरा हात ठेवून तसाच उभा होता.

आमच्याकडे नवी सून भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, मान वर करत नाही, बोलणं तर लांबच. या पोरीनं डोळे पुसले, स्टुलावरून उठली आणि सरळ त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"दादा, वेगळे कायचे तुम्ही?" ती म्हणाली. "माझंबी तसंच हाये. लहानपणापासून. तुमचंच रक्त घेऊन येऊन राहिली ना मी तुमच्या घरी."

मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे ते भरलेले खांदे हलायला लागले. ती पुन्हा रडायला लागली. मी तर होतेच.

आतल्या खोलीतून, डोळे न उघडता, धाकट्याचा मरणाचा घाबरलेला आवाज आला. "काय झालं? सगळे काहून रडून राहिले? खराब निघालं का माहं?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. त्याला अजून कोणी सांगितलंच नव्हतं.